काल काय खाल्लंस, हे विचारायचं राहिलं

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मला फोन आला तेव्हा विषय ठरवूनच आला होता. "मॅडम, एवढी वर्षं मस्कतमध्ये डायटिशियन म्हणून काम केलंत, आता रिटायर झालात, तर ‘बाळंतिणीसाठी पौष्टिक लाडू’ असं काहीतरी हलकंफुलकं द्या की. फोटो आम्ही टाकू." मी म्हटलं, लाडवांवर मी लिहिणार नाही, लाडवांवर माझा राग आहे.  पलीकडच्या बाई म्हणाल्या, "बरं, मग रागाबद्दल लिहा. पण चार पानांत बसवा." तर हे घ्या.

मस्कतच्या रुवी भागातल्या एका खासगी दवाखान्यात मी बावीस वर्षं बसले. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी साडेचार ते नऊ. माझी खोली मुलांच्या डॉक्टरांच्या खोलीला लागून, बिनखिडकीची. टेबलावर तीन मापांच्या वाट्या, दोन चमचे आणि एक रबराची पोळी. किती मोठी पोळी खाता, हे दाखवायला ती पोळी असते, पण येणारा प्रत्येक जण ती आधी दाबून बघायचा आणि बायकोला म्हणायचा, "तुझ्यासारखीच झालीय." बावीस वर्षं हाच विनोद. मी बावीस वर्षं हसले, पगारात तेही धरलेलं होतं.

लोकांना वाटतं, डायटिशियन म्हणजे चार्ट देणारी बाई. चार्ट द्यायला अक्कल लागत नाही, प्रिंटर लागतो. आमचं खरं काम म्हणजे एक साधा प्रश्न विचारणं. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं? ‘काय खाता’ असं विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस आपण काय खायला हवं ते सांगतो. रुसैलच्या कारखान्यातला आणि साखर चारशेच्या वर गेलेला माणूसही "भाजी-चपाती, मॅडम" म्हणतो. ‘काल’ म्हटलं की त्याला आठवावं लागतं. आठवताना तो अडखळतो, आणि जिथे अडखळतो तिथे आम्ही पेन टेकवायचं. एवढीच ही विद्या. हा प्रश्न खाणाऱ्याला विचारायचा, वाढणाऱ्याला नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

अंगावर पाजणाऱ्या बाईचं गणित जरा वेगळं असतं, तेही सांगून टाकते. ती अर्धपोटी असली तरी दूध येतं. कॅल्शियम कमी पडलं तर शरीर तिच्या हाडांतून काढतं आणि बाळाला देतं. पण काही जीवनसत्त्वं अशी आहेत की आईच्या अंगात नसली तर दुधातही येत नाहीत. दूध तेवढंच, पांढरंशुभ्र, बाळ पोटभर पितं, वजनही वाढतं, आणि त्यात ती गोष्ट नसते. बी-ट्वेल्व्ह त्यातलं. ते झाडपाल्यात नसतं. मांस, मासे, अंडी, नाहीतर दूध, दही, ताक, पनीर. यातलं काहीच पोटात जात नसेल तर गोळी किंवा इंजेक्शन. मेंदू आणि नसा यांना ते लागतं, आणि बाळाचा मेंदू तर त्याच दिवसांत बांधला जात असतो. डिंकात ते नाही. अळिवात नाही. खारीक, मेथी, सुंठ, गूळ, कशातच नाही. लाडू वाईट नाहीत, पण किलोभर लाडू खाऊन जे मिळणार नाही ते एका बारीक गोळीत मिळतं, आणि आपल्याकडे लाडवाला मान आहे, गोळीला नाही.

ओमानी बायका माझ्याकडे यायच्या तेव्हा त्यांच्या आया बरोबर थर्मास घेऊन यायच्या. चाळीस दिवस लेकीला कोंबडीचं सूप, तूप, मध, मेथीची पेज. खोलीत बसल्या बसल्या भरवायच्या. खुळं त्यांच्यातही होती, उन्हाळ्यात तान्ह्याला पाणी पाजायचं वगैरे. त्यावरून मी भांडायचे, त्या "इन्शाल्ला, इन्शाल्ला", म्हणजे देवाची इच्छा असेल तर, म्हणायच्या आणि घरी जाऊन पाजायच्या. पण तिथे आईच्या ताटातून काढून घेण्याची रीत नव्हती. आपल्याकडे बाळंतिणीला काय द्यायचं याच्यापेक्षा काय द्यायचं नाही याची यादी लांब. बाळाला शिंक आली की आईचं दही बंद. पोट फुगलं की डाळ बंद. शी हिरवी झाली की पालक बंद. बाळ रडलं की शिक्षा आईच्या ताटाला.

आता मयूरीबद्दल.

ती सांगलीकडची, अठ्ठावीसची, बारीक चणीची, इंजिनियरिंग शिकलेली आणि घरी बसलेली. नवरा निखिल रुसैलला एका कारखान्यात. घर घाला भागात, दोन खोल्यांचं. बाळंतपणासाठी सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, आणि येताना त्यांच्या सामानात बाळाचे कपडे कमी आणि डिंक जास्त होता, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं. मी त्यांना काकू म्हणायचे. बाळाचं नाव ओजस, तेव्हा अडीच महिन्यांचा. तक्रार अशी की रात्री फार रडतो, दूध पुरत नसेल, पावडर सुरू करावी का.

बाळाचं वजन ठीक होतं. मी मयूरीला विचारलं, "जेवण कसं चाललंय?"

"सगळं खाते ती," काकू म्हणाल्या. "सकाळी डिंकाचा लाडू, अळिवाचा लाडू. दुपारी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, शेपू, मेथी, वर तूप. रात्री मऊ भात आणि मुगाचं वरण. मी काही कमी पडू देत नाही."

ऐकायला छानच होतं. मी मयूरीकडे बघून विचारलं, "अंडं चालेल का तुला?"

उत्तर पुन्हा काकूंकडून आलं, पण आधी प्रश्न आला. "तुमचं गाव कुठलं?"

"भंडारा."

"आडनाव?"

मी आडनाव सांगितलं. काकूंनी मान हलवली. "हं. तुमच्यात चालतं. आमच्यात नाही."

ते "हं" मी लहानपणापासून ओळखते. मी बौद्ध घरातली. शाळेत, कॉलेजात, नागपूरच्या होस्टेलच्या मेसमध्ये ते ऐकलं. समुद्र ओलांडून, बिनखिडकीच्या का होईना, पण स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीत बसल्यावर ते ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. डोकं असं सटकलं की सांगायची सोय नाही. आणि डोकं सटकलं की मी ओरडत नाही, फार सभ्य होते. मी सभ्यपणे शाकाहारी चार्ट छापला. त्यात दूध, दही, ताक, पनीर असतंच. पिवळ्या पेनाने त्या ओळी रंगवल्या. गरोदरपणातल्या गोळ्या चालू ठेवा, असंही खाली लिहिलं. कागद काकूंच्या हातात दिला आणि मनात म्हटलं, घे बाई तुझं सोवळं.

‘काल काय खाल्लं’ हे विचारायचं राहिलं. विसरले नव्हते. त्या बाईशी आणखी एक वाक्य बोलायची माझी इच्छा नव्हती.

दारात पोचल्यावर मयूरी मागे वळली. "मॅडम, जीभ खूप चरचरते. आणि तळपायाला मुंग्या येतात."

"चटणी कमी खा," मी म्हटलं. "बाळंतपणानंतर थकवा असतोच, होईल कमी."

चरचरणारी जीभ आणि तळपायाच्या मुंग्या. बी-ट्वेल्व्ह कमी पडल्याची ही पुस्तकातल्या पहिल्या पानावरची लक्षणं. दवाखान्यात येणाऱ्या शिकाऊ मुलींना मीच शिकवलेली. पुढचा पेशंट आत आला, मी रबराच्या पोळीचा विनोद ऐकला आणि हसले.

पाच महिन्यांनी एका संध्याकाळी शेजारच्या डॉक्टर हुदांनी मधलं दार उघडलं. ओमानी बाई, मुलांच्या डॉक्टर म्हणून नावाजलेल्या, कामापुरतं बोलणाऱ्या. फक्त म्हणाल्या, "जरा या."

तपासणीच्या टेबलावर ओजस होता. साडेसात महिन्यांचा, गुटगुटीत, आणि मान सोडून पडलेला. डोळे उघडे, पण कुणाकडेच बघत नव्हता. केस विरळ, तांबूस. बोटांची पेरं काळवंडलेली.

"इथलं मेलं ऊन," काकू म्हणाल्या. ते बाळ कधी उन्हात गेलं नव्हतं, घरात दिवसभर जाड पडदे आणि एसी. मग त्या कौतुकाने म्हणाल्या, "आमचा ओजू फार शहाणा हो. रडत नाही, हट्ट नाही, ठेवलं तिथे पडून असतो. इतकं शांत बाळ मी आमच्या घराण्यात बघितलं नाही."

डॉक्टर हुदांनी मयूरीला हिंदीत विचारलं, "हसतो का?"

निखिल फोन खिशात घालून पहिल्यांदा नीट उभा राहिला.

"आधी हसायचा," मयूरी म्हणाली. "चौथ्या महिन्यात हसायचा, आवाज काढायचा. मान धरली होती. मग हळूहळू सगळं बंद झालं."

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आई काय खाते?"

माझ्या हातात फाइल होती. फाइलमध्ये माझा पिवळ्या रेघांचा चार्ट होता. तिने काल काय खाल्लं हे त्यात कुठेच नव्हतं. मी काकूंना आणि निखिलला बाहेर बसायला सांगितलं. "मी का बाहेर?" काकू म्हणाल्या. "कारण दूध हिचं आहे," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

"काल उठल्यापासून सांग."

तिने सांगितलं. लाडू, भाकरी, चटणी, भात, वरण, तूप. चहा, पण गवती चहाचा, बिनदुधाचा.

"दही, ताक?"

"आई म्हणतात थंड असतं, बाळाला कफ होतो. पहिल्या दिवसापासून बंद आहे."

"दूध?"

"ते मीच बंद केलं. रात्री पोट दुखून रडायचा ना, तेव्हा एका रीलमध्ये बघितलं. आईने दूध आणि पनीर सोडलं की बाळाचं पोट दुखणं थांबतं म्हणे."

"थांबलं?"

"हो. मग रडणंच थांबलं."

"गोळ्या?"

"बाळंतपणाआधीच्या संपल्या. आई म्हणाल्या, आता खलास, परत आणू नका, गोळ्यांची उष्णता दुधात उतरते."

"आणि मी दिलेला चार्ट?"

"फ्रिजवर लावलाय. आईंनी दूध-दह्याच्या ओळीवर पेनाने रेघ मारलीय."

सासूचं जुनं खूळ आणि मोबाइलमधलं नवं खूळ, दोन्ही एकाच ताटात येऊन बसली होती. जन्मापासून शाकाहारी मुलगी, आधीच तिचा साठा तळाला गेलेला, वर पाच महिने दुधाचा थेंब नाही. आणि ते बाळ चोवीस तास तिच्यावर अवलंबून. बिचारी दर दोन तासांनी पदर बाजूला करून त्याला पाजत होती, आणि जे द्यायचं तेच त्यात नव्हतं.

रक्त तपासलं. आकडा इतका खाली होता की लॅबमधल्या माणसाने पुन्हा तपासून पाठवला. त्याच संध्याकाळी मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवणी झाली. मायलेकांना दोघांनाही इंजेक्शनं सुरू. डॉक्टर हुदांनी निखिलला स्पष्ट सांगितलं, "आता सुधारेल. किती सुधारेल ते आज सांगता येणार नाही. मधे हात थरथरतील, घाबरू नका." निखिलने विचारलं, "म्हणजे पूर्ण नॉर्मल होईल ना?" त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला." एरवी त्या हा शब्द पेशंटसमोर वापरत नाहीत.

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. त्या ताडकन म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्या अंडं न खाता जगल्या."

मग मात्र माझा सभ्यपणा संपला. "सात पिढ्या ताक पिऊन जगल्या, काकू. गोठ्यातलं दूध पिऊन जगल्या. हिचं ताक कुणी बंद केलं? अंडं नको होतं तर नको. गोळीला कुठे सोवळं लागतं? ज्या कागदावर तुम्ही रेघ मारलीत तो कागद नव्हता, नातवाचं ताट होतं." रिसेप्शनवरची मुलगी उठून उभी राहिली. मराठी तिला येत नव्हती, पण आवाज येत होता.

काकूंनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात मला सव्वा महिना वरणाचं पाणी आणि भाताची पेज दिली होती. तूप नाही, काही नाही. मी ठरवलं होतं, सुनेला असं करायचं नाही. तिला तुपात ठेवीन. मला कुणी सांगितलं नाही हो."

हे ऐकून माझा राग विरघळला, असं लिहिलं तर लेख गोड होईल. नाही विरघळला. कारण "कुणी सांगितलं नाही" यात मीही होते. बायकांच्या डॉक्टरांनी गोळ्यांचं सांगितलं नाही, कारण बाळंतपण झालं की बाई त्यांच्या यादीतून जाते. मुलांच्या डॉक्टरांकडे ती जाते ती बाळाला धरायला. दवाखान्याने एका पेशंटला दहा मिनिटं ठरवून दिली होती. निखिलने पाच महिन्यांत बायकोला एकदाही विचारलं नाही की तू दूध का पीत नाहीस, पण बाळाचे रोज पंधरा फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. त्या फोटोंत बाळ हसायचं बंद झालं होतं, आणि खाली चाळीस जणांनी हृदयं पाठवली होती. या सगळ्यांवर मी चिडले. आणि ज्या एकीला ‘काल काय खाल्लंस’ विचारायचा पगार मिळत होता, तिच्यावर सर्वांत जास्त.

हॉस्पिटलमध्ये मी रोज जात होते. दुपारच्या सुट्टीत, टॅक्सीने. तिसऱ्या दिवशी ओजस रडला. मोठ्याने, तोंड लाल करून. वॉर्डमधली नर्स त्याला गप्प करायला धावली आणि मयूरी म्हणाली, "नको, रडू दे." चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले, सांगितलं होतं तसेच. सांगितलेलं असूनही बघवत नव्हतं. सहाव्या दिवशी मी गेले तेव्हा ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती. त्याने मान डुगडुगत वर केली, तिच्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहत राहिला आणि हसला. पूर्ण नाही, एका बाजूने.

मला वाटलं, ती हसेल. तिने तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघून रडायला लागली. "मला वाटायचं मीच त्याला आवडत नाही," ती म्हणाली. "तीन महिने मी त्याच्यासमोर नाचायचे, गाणी म्हणायचे, तो बघायचाच नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सगळे म्हणायचे शहाणा आहे, शांत आहे. मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी वाईट आहे, ते त्याला कळलंय."

यावर कुठलाही चार्ट नसतो. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुढचं इथेच सांगते, म्हणजे कुणी फोन करून विचारायला नको. ओजस आता साडेतीन वर्षांचा आहे. चालायला उशिरा लागला. धावतो, पडतो, उठतो. बोलतो कमी. घरचे म्हणतात, इथल्या मुलांना घरी मराठी, बाहेर हिंदी, नर्सरीत इंग्रजी, म्हणून गोंधळतात. तसंही असेल. डॉक्टर हुदा म्हणतात, नसेलही. नक्की कुणीच सांगू शकत नाही, आणि मयूरीला रोज त्याच्या प्रत्येक शब्दाकडे कान लावून बसावं लागतं. जे टाळता आलं असतं, आणि तेही एका गोळीने, त्याची ही किंमत. अंकात लाडवांची कृती हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडून घ्या. माझ्याकडून एवढंच घ्या की घरात बाळंतीण असेल तर तिच्या गोळ्या थांबवू नका, तिचं दूध-ताक काढून घेऊ नका, आणि शाकाहारी असेल तर डॉक्टरांना बी-ट्वेल्व्हचं नाव घेऊन विचारा. पाव मिनिट लागतं.

तेव्हा हॉस्पिटलमधून सुटल्यावर महिन्याने ती सगळी दवाखान्यात आली. काकू आपण होऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. निखिल गाडी लावायला गेला होता. ओजस मयूरीच्या कडेवर होता, मान ताठ, टेबलावरचे चमचे ओढत होता.

मी महिनाभर मनात घोळवलेलं बोलले. "मयूरी, पहिल्यांदा आलीस तेव्हा माझी चूक झाली. तू जिभेचं सांगितलंस, मुंग्यांचं सांगितलंस. मी तुला नीट विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर पाच महिने वाचले असते."

मला काय हवं होतं, ते आता कबूल करते. मला हवं होतं की तिने म्हणावं, जाऊ दे मॅडम, तुमची काय चूक. आपल्या मुली असं म्हणतात. सासूला म्हणतात, नवऱ्याला म्हणतात, डॉक्टरांना म्हणतात.

ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत. तुम्ही दोघी एकमेकींशी भांडत होतात. मी मधे बसले होते."

"राग आहे माझा?"

"हो," ती म्हणाली.

तिने ओजसच्या मुठीतून माझा चमचा सोडवला, टेबलावर ठेवला आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख घ्यायला काउंटरकडे गेली.